काट्याचा ताळा

उज्जैनच्या माधव नगरातून शिप्रेच्या दिशेने गेले, की शहराच्या नैर्ऋत्येला जिवाजी वेधशाळा लागते. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे, म्हणजे उज्जैनच्या अक्षांशाइतकी, सुमारे २३ अंशांनी वर उचललेली. तिची सावली दोन बाजूंच्या गोलाकार पट्ट्यांवर सरकत जाते आणि पट्टीवरच्या खुणांवरून वेळ वाचायची. फेब्रुवारीच्या मध्यावर ही सावली दुपारचे बारा दाखवते तेव्हा मोबाइलमध्ये १२ वाजून ४१ मिनिटे झालेली असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच फरक ११ मिनिटांवर येतो. सावली पाहून मोबाइल पाहणाऱ्याला वाटते, जुने दगडी यंत्र, चुकणारच. पण यंत्र चुकत नसते. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखावृत्ताची, आणि उज्जैन आहे ७५ अंश ४६ कलांवर. अंशाला ४ मिनिटे धरली तर सूर्य उज्जैनच्या माथ्यावर सुमारे २७ मिनिटे उशिरा येतो. उरलेली वाढघट पृथ्वीच्या लंबगोल कक्षेमुळे आणि आसाच्या कलण्यामुळे होते. हा फरक वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी आधीच काढून कोष्टकात मांडता येतो, आणि ते कोष्टक हाताशी असले की तीनशे वर्षांपूर्वी आखलेले दगडी घड्याळ आजही भरवशाचे ठरते. म्हणून यंत्र किती चुकते याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो: त्याची चूक आपल्याला कळते का?

हौसेने छोटे विमान उडवणाऱ्या वैमानिकाला आणि शिडाची किंवा इंजिनाची छोटी बोट घेऊन समुद्रात जाणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज पडायला हवा. मोठ्या विमान कंपनीच्या मागे अभियंत्यांची फौज असते, जहाजावर पहारे बदलणारे अधिकारी असतात. छोट्या विमानात आणि बोटीत बहुधा एकच माणूस असतो, त्याच्यासमोर काही काटे असतात आणि बाहेर कधी ढग, कधी काळोख. अशा वेळी उत्तम प्रतीचे, महागातले यंत्र घ्यावे म्हणजे निर्धास्त राहता येते, हा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे असे माझे म्हणणे आहे. शाळेत बेरीज करून झाली की गुरुजी ताळा करायला लावत. उत्तर देणारी रीत वेगळी आणि ते तपासणारी रीत वेगळी. बेरीज पुन्हा त्याच क्रमाने केली तर तीच चूक पुन्हा होते, म्हणून ताळ्याची वाट निराळी हवी. यंत्राचा भरवसाही असाच दुसऱ्या, स्वतंत्र वाटेने आलेल्या ताळ्यातून निर्माण होतो. एकट्या यंत्राच्या अंगी तो नसतो.

उज्जैनची वेधशाळा बांधणाऱ्या सवाई जयसिंगाला ही गोष्ट नेमकी कळली होती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो माळव्याचा सुभेदारही होता. 'झीज-इ-मुहम्मदशाही' या आपल्या ज्योतिषकोष्टकांच्या प्रस्तावनेत त्याने पितळी यंत्रांची दुखणी मोजून सांगितली आहेत: आकार लहान, त्यामुळे अंशांच्या पुढे कलांच्या खुणा करता येत नाहीत, आस झिजतो आणि हलतो, वर्तुळाचा मध्य सरकतो, यंत्राचे प्रतल तिरपे होते. यंत्र बिघडण्याची कारणे आजचा देखभाल-अभियंता याहून फार वेगळी सांगणार नाही. यावर त्याने पहिला उपाय केला तो चुना-दगडाच्या प्रचंड, न हलणाऱ्या यंत्रांचा. पण तो तिथे थांबला नाही. दिल्लीत घेतलेल्या वेधांची खातरजमा व्हावी म्हणून जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन इथे तशीच यंत्रे उभारली, असे त्याने स्वतः नोंदवले आहे. म्हणजे उज्जैनची वेधशाळा जन्मली तीच ताळा म्हणून. पुढे पोर्तुगालला धाडलेल्या मंडळाने युरोपातून ला हीर याची कोष्टके आणली, तेव्हा जयसिंगाने तीही आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची तफावत काढली.

प्रचंड यंत्रांच्या या पहिल्या उपायाला एक मर्यादा होती, आणि ती आजही शिकण्यासारखी आहे. यंत्र मोठे केले की खुणा बारीक करता येतात, पण सूर्य हा ठिपका नाही. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचे तबक आहे, त्यामुळे सावलीची कड धूसर पडते. सूर्य ४ मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे ती धूसर पट्टी जवळजवळ २ मिनिटांची झाली. भिंत दुप्पट उंच केली तर खुणा दुप्पट रुंद होतात आणि धूसर पट्टीही दुप्पट रुंद होते. पट्टीवर सेकंदांच्या रेघा मारल्या म्हणून सावली सेकंद सांगू लागत नाही. त्यासाठी निरीक्षकाला निराळी युक्ती लढवावी लागते. आजच्या रंगीत पडद्यावर अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे चार-पाच अंकांपर्यंत दिसतात, तेव्हाही हेच लक्षात ठेवायला हवे. बारीक आकडा आणि खरा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी मोडकळीला आलेल्या या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या गणितज्ञाने तिचा कारभार पाहिला. तेव्हा जग रेडिओच्या युगात आले होते, तरी वेधांची गरज संपलेली नव्हती. पंचांगाचे गणितही आकाशाशी ताडूनच पाहावे लागते.

आता विमानाकडे येऊ. उज्जैनलाच देवास रस्त्यावर दताना-मतानाची धावपट्टी आहे. अशा छोट्या धावपट्ट्यांवरून उडणाऱ्या, शिकाऊ वैमानिकांच्या जुन्या धाटणीच्या एक-इंजिनी विमानात समोर सहा मुख्य मापके असतात: वेग, उंची, चढ-उताराचा दर, कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक आणि वळणदर्शक. नवख्याला ती सहा स्वतंत्र यंत्रे वाटतात. प्रत्यक्षात ती तीन कुळांतली आहेत. पहिली तीन हवेच्या दाबावर चालतात. पंखाखाली समोर तोंड करून बसवलेल्या पिटो नळीत वाऱ्याचा धक्का मोजला जातो, अंगावरच्या बारीक छिद्रातून शांत हवेचा दाब घेतला जातो, आणि या दोहोंतून वेग निघतो. उंची आणि चढ-उतार निव्वळ छिद्रातल्या दाबावरून. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांच्या पोटात वेगाने फिरणारे भोवरे असतात आणि ते इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने ओढलेल्या हवेवर फिरतात. वळणदर्शकाचा भोवरा मात्र मुद्दाम विजेवर ठेवलेला असतो. पंप एकाएकी बंद पडला तरी विमान वळते आहे की सरळ चालले आहे हे सांगणारा एक साक्षीदार उरावा, एवढ्यासाठी. या सगळ्यांच्या वर, काचेजवळ, कशावरही अवलंबून नसलेले साधे होकायंत्र लटकत असते. ते वळताना आणि वेग बदलताना फसवते, पण सरळ, स्थिर उड्डाणात खरे बोलते. म्हणूनच भोवऱ्याचा दिशादर्शक साधारण दर १५ मिनिटांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचा असतो. ज्याने ही मांडणी केली त्याने एकही मापक न बिघडणारे धरले नाही. सगळी एकाच कारणाने बिघडणार नाहीत, एवढीच काळजी घेतली.

ती काळजी कशी निष्फळ ठरते हेही पाहिले पाहिजे. पिटो नळीचे तोंड आणि पाणी निथळायचे भोक दोन्ही बुजली, तर जमिनीवरचा दाब आत कोंडून राहतो. विमान वर जाते, बाहेरचा दाब कमी होतो, आणि आत कोंडलेला दाब तुलनेने जास्त ठरून वेगाचा काटा चढू लागतो. वेगमापक उंचीमापकासारखे वागू लागते. वैमानिकाला वाटते विमान फार जोरात चालले आहे, म्हणून तो नाक वर करतो आणि इंजिनाचा जोर कमी करतो. खरा वेग घटत जातो आणि शेवटी पंखांचा आधार सुटतो. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेल्या बिर्गेनएअरच्या बोइंग ७५७ विमानाच्या कप्तानाचे वेगमापक असेच खोटे वाचन देत होते. विमान समुद्रात कोसळून सर्व १८९ जण गेले. विमान काही आठवडे उभे असताना पिटो नळ्यांवर आवरण घातलेले नव्हते आणि एका नळीत मातीचे घर करणाऱ्या माशीने, आपल्याकडच्या कुंभारणीसारख्या, घर केले असावे हा चौकशीतला सर्वांत संभाव्य अंदाज. लक्षात घेण्यासारखे हे, की दुसऱ्या वैमानिकाचे आणि राखीव असे दोन वेगमापके त्या कक्षात खरे वाचन देत होती. साक्षीदार हजर होते, त्यांना वेळेवर विचारले गेले नाही.

मुंबईला याचा घाव फार जवळून बसलेला आहे. १ जानेवारी १९७८, नववर्षाची रात्र. एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. समुद्रावर येताच विमानाने उजवीकडे नेहमीचे हलके वळण घेतले आणि मग ते सरळ झाले. पण कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलेच राहिले. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश, डोळ्यांना क्षितिजाची रेघ नाही. कललेले विमान सरळ करायला म्हणून कप्तानाने ते डावीकडे वळवले, आणखी वळवले, आणि उड्डाणानंतर पावणेदोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेले. २१३ माणसे होती, एकही वाचले नाही. कप्तानाचे क्षितिज बिघडलेले होते आणि इतर मापकांशी ताडून खरी स्थिती ओळखली गेली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. ध्वनिमुद्रणात दुसऱ्या वैमानिकाचे आपलेही यंत्र कोलमडल्याच्या अर्थाचे शब्द आहेत, आणि त्या यंत्रावर विसंबू नका अशा अर्थाचे फ्लाइट इंजिनिअरचे शब्दही आहेत. घरात बसून त्या माणसांना दोष देणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. सारा प्रसंग काही सेकंदांचा होता. पण त्या सेकंदांत ताळा आठवावा लागू नये, तो हातात मुरलेला असावा, हे त्यातून कळते.

इथे कुणी म्हणेल, शरीराला काही कळत नाही का? विमान उलटे होते आहे हे माणसाला जाणवायला नको? खरे तर नाही जाणवत. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण सुरू होताना हलतो. वळण स्थिर झाले की काही सेकंदांत तोही स्थिर होतो आणि मेंदूला वाटते आपण सरळ आहोत. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० वैमानिकांवर प्रयोग झाला होता. यंत्रांवरून उडण्याचे शिक्षण नसलेल्या या मंडळींना बाहेरचे दिसू न देता उडवायला लावले. सगळ्यांचेच विमान ताब्याबाहेर गेले, आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले, म्हणजे तीन मिनिटेसुद्धा नाहीत. ढगात शिरलेल्याचे शरीर हा साक्षीदारच नव्हे. ठाम आवाजात खोटे बोलणारा तो माणूस आहे. त्यामुळे यंत्रावर विश्वास ठेवा हा धडा जितका खरा, तितकाच एकट्या यंत्रावर ठेवू नका हा धडाही खरा. दोन्ही एका वेळी पाळायचे, यातच हे काम अवघड आहे.

समुद्रावर धोका सावकाश येतो, म्हणून अधिक फसवा असतो. ९ जून १९९५ रोजी बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघालेल्या 'रॉयल मॅजेस्टी' या प्रवासी जहाजाच्या जीपीएसच्या अँटेनाची तार बंदर सोडल्यावर तासाभरातच निखळली. यंत्र बंद पडले असते तर बरे झाले असते. ते चालूच राहिले आणि उपग्रहांऐवजी शेवटची दिशा व वेग यांवरून अंदाजाने जागा दाखवू लागले. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरे बदलली, एवढीच खूण. त्या अंदाजी जागेच्या भरवशावर स्वयंचलित सुकाणू ३४ तास चालत राहिले. जहाजावर लोरान ही जमिनीवरच्या रेडिओ-केंद्रांवरून जागा काढणारी वेगळी यंत्रणा होती आणि ती खरे सांगत होती. पण दोहोंचा ताळा कुणी घेत नव्हते. वाटेत अपेक्षित वेळी रडारवर एक तरंगती खूण दिसली, ती अपेक्षित खूणच आहे असे मानले गेले. पाण्याची खोली घटल्याची सूचना देणारी घंटा शून्य मीटरवर लावलेली होती. १० जूनच्या रात्री १,५०९ माणसे घेऊन ते जहाज नॅन्टुकेट बेटाजवळच्या वाळूत रुतले, ठरलेल्या वाटेपासून १७ मैल दूर. जीवितहानी झाली नाही. एका निखळलेल्या तारेपासून रुतण्यापर्यंत निदान चार वेगवेगळे साक्षीदार उभे होते, एवढे तरी या घटनेतून नीट दिसते.

मग उपाय म्हणून प्रत्येक वस्तू दोन-तीन घ्यायची का? संख्या वाढवून सुरक्षितता वाढतेच असे नाही, आणि याचा पुरावा आपल्याच अवकाश-कार्यक्रमात आहे. भारताच्या 'नाविक' या दिशादर्शक उपग्रह-यंत्रणेतला पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, १ जुलै २०१३ रोजी सोडला गेला. त्यावर रुबिडियमची तीन अणुघड्याळे होती. उपग्रहावरून जागा काढणे म्हणजे मुळात वेळ मोजणे, म्हणून घड्याळ गेले की उपग्रह गेला. एक चालले नाही तर दुसरे, दुसरे नाही तर तिसरे, अशी ही तजवीज. तिन्ही बंद पडली. तिन्ही एकाच बनावटीची होती, आणि एकाच घराण्यातले तीन साक्षीदार एकाच कारणाने गप्प होऊ शकतात. पुढे १२ एप्रिल २०१८ रोजी त्या जागी दुसरा उपग्रह धाडावा लागला, आणि २९ मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ वर भारतात बनलेले रुबिडियम घड्याळ गेले. छोट्या बोटीवर एकाच बॅटरीवर चालणारे दोन जीपीएस ठेवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. बॅटरीत पाणी शिरले तर दोन्ही एकदम विझतील. त्याऐवजी एक जीपीएस, एक होकायंत्र, कागदी नकाशा आणि खोली मोजायला दोरीला बांधलेले शिसे, ही चार भिन्न कुळांतली साधने कमी पैशांत जास्त सांगतात. शिशाच्या टोकाला चरबी लावली की तळाची वाळू किंवा चिखल वर येतो आणि नकाशावर तळ कसा छापला आहे तेही पडताळता येते.

या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की हे सारे जुन्या यंत्रांचे रडगाणे आहे. नव्या पडद्याच्या यंत्रांत फिरणारे भोवरे नाहीत, झिजणारे पंप नाहीत, ती स्वतःची चूक स्वतः ओळखतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण यंत्र सुधारले म्हणून अपघात आपोआप घटत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली छोट्या विमानांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पडद्याच्या यंत्रांची विमाने आणि जुन्या काट्यांची विमाने समोरासमोर ठेवली होती. पडद्याच्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, प्राणघातक अपघातांचे प्रमाण मात्र जास्त. ती विमाने लांबच्या प्रवासाला आणि वाईट हवेत अधिक वापरली जात होती हे कारण आहेच; पण नव्या यंत्रणा कशा बिघडतात याचे वैमानिकांना पुरेसे शिक्षण मिळत नाही, हेही मंडळाने नोंदवले. जुन्या विमानाचा पंप गेला की क्षितिज हळूहळू कलंडते आणि पाहणाऱ्याला चाहूल तरी लागते. नव्या यंत्राचा बिघाड कसा दिसेल हे पुस्तक वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: दोन यंत्रे वेगवेगळे सांगू लागली तर खरे कोणते? दर्यावर्दी लोक फार पूर्वीपासून सांगत आले आहेत, की समुद्रावर जाताना घड्याळ एक न्यावे किंवा तीन न्यावीत, दोन नेऊ नयेत. १८३१ साली निघालेल्या 'बीगल' जहाजावर, ज्यावर चार्ल्स डार्विनही होता, कप्तान फिट्झरॉयने २२ क्रोनोमीटर नेले होते, आणि पृथ्वीला फेरी मारून परत आल्यावर सगळी रेखांशांतरे मिळवली तर बेरीज २४ तासांपेक्षा ३३ सेकंदांनी जास्त भरली. पाच वर्षांच्या हिशेबाचा हा ताळा किती सुंदर आहे! पृथ्वीचा घेर पूर्ण झाला की बेरीज २४ तासच भरली पाहिजे, हे सत्य कोणत्याही घड्याळावर अवलंबून नव्हते. पण हौशी माणसाकडे २२ घड्याळे नसतात. त्याला दोनच साक्षीदारांत निवाडा करायचा असतो, आणि तिथे यंत्राचे कूळ ठाऊक असणे कामी येते. वेग वाढतो आहे, उंची चढते आहे आणि इंजिनाचा आवाज बदललेला नाही, हे तिन्ही एकदम खरे असू शकत नाही. मग पिटो नळीचा संशय घ्यायचा. क्षितिज उजवीकडे कललेले आहे, पण विजेवरचे वळणदर्शक सरळ आहे आणि होकायंत्र फिरत नाही. मग पंपाचा संशय घ्यायचा. दोन यंत्रांतली तफावत संकट वाटते खरी, पण तीच आपल्याला मिळालेली पहिली खबर असते. एकाच यंत्राकडे पाहणाऱ्याला ती खबर मिळतच नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि आपल्या किनाऱ्यावर तोच सर्वांत मोठा. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत मासेमारीच्या नौकांवर काम करणाऱ्यांना ही चर्चा श्रीमंतांच्या यॉटची वाटेल. पण यंत्रे आता त्यांच्याही नौकेवर येत आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये मासेमारी नौकांवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपाँडर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख नौका हे तिचे उद्दिष्ट. किनाऱ्यापासून दूर, मोबाइलची रेंज नसताना संकटाचा संदेश जावा आणि वादळाची सूचना यावी, हा त्याचा उपयोग. योजना चांगली आहे आणि ती नेटाने व्हावी. मात्र ट्रान्सपाँडरच्या डब्याबरोबर त्याचा ताळा घेण्याची सवयही दिली गेली पाहिजे: बंदर सोडण्यापूर्वी संदेश जातो का हे पाहणे, अँटेनाच्या जोडाला मिठाचा थर आला आहे का हे बघणे, बॅटरी भार घेते का हे तपासणे. नौकेचा तांडेल किनाऱ्यावरच्या डोंगराची आणि देवळाची रेघ जुळवून ज्या ज्ञानाने आपली जागा ओळखतो, ते ज्ञान यंत्र आल्यावर टाकून द्यायचे नसते. यंत्राचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वतंत्र साक्षीदार तेच आहे. घरोघरी हीच गोष्ट रक्तदाबाच्या यंत्राबाबत करता येते. दवाखान्यात जाताना घरचे यंत्र बरोबर न्यावे आणि डॉक्टरांच्या वाचनाशी एकदा जुळवून पाहावे. किती लोक तसे करतात?

ताळ्याबरोबर आणखी एक गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे साधन हाताच्या टप्प्यात असणे. १९६८-६९ साली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती मुंबईत, कुलाब्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या 'सुहैली' या सागवानी नौकेतून. तिचे स्वयंचलित सुकाणू मोडले, रेडिओ बंद पडला आणि कित्येक महिने जगाला त्याचा ठावठिकाणा नव्हता. पण सूर्य-ताऱ्यांची उंची मोजणारे सेक्स्टंट, घड्याळ आणि कोष्टके त्याच्या हाताशी होती, आणि ती चालवण्याचे कसबही. त्या प्रवासाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, जुन्याच साधनांनी करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी 'तुरिया' घेऊन उतरले. ही नौका गोव्यात, सुहैलीच्याच आराखड्यावर बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर, वादळाने ती उलटवली. डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला इतकी इजा झाली की त्यांना हलता येईना. मुख्य उपग्रह-फोन निकामी झाला होता. दुसरा फोन आणि हातातला रेडिओ आणीबाणीच्या पिशवीत सुखरूप होते, पण ती पिशवी हाताला लागत नव्हती. छोटे संदेश पाठवणारे एक वेगळ्या जातीचे उपकरण तेवढे जवळ होते. त्यावरून त्यांची अवस्था कळत राहिली, नौदलाच्या टेहळणी विमानाने नौका शोधली, आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पिशवीत दोन राखीव यंत्रे होती आणि दोन हात अंतरावर त्यांचा उपयोग शून्य होता.

बहुतेक ताळे फुकट मिळतात. धावपट्टीच्या टोकावर रंगवलेला आकडा ही तिची चुंबकीय दिशाच असते, दहाने भागून लिहिलेली. २७ लिहिलेल्या धावपट्टीवर विमान सरळ उभे केले की होकायंत्राने आणि दिशादर्शकाने २७० अंशांच्या आसपासच दाखवले पाहिजे. जमिनीवर उभे असताना, त्या वेळचा हवेचा दाब लावल्यावर, उंचीमापकाने धावपट्टीची ज्ञात उंची सांगितली पाहिजे. इंधनाच्या काट्यावर न विसंबता टाकीत काठी बुडवून पाहता येते. मुंबई बंदरातून बाहेर पडणाऱ्या बोटवाल्याला कुलाब्यापुढचे प्राँग्जचे दीपगृह आणि खांदेरीवरचे कान्होजी आंग्रे दीपगृह या दोन न हलणाऱ्या खुणा आहेत. होकायंत्रातून दोन्हींची दिशा घ्यावी, नकाशावर दोन रेघा ओढाव्यात, आणि त्या छेदतात तिथे जीपीएस आपल्याला दाखवतो आहे का ते पाहावे. होकायंत्राजवळ ठेवलेला मोबाइल किंवा स्पीकर सुई ओढत असेल, तर तेही त्याच वेळी उघडकीला येते. उजेड असताना, किनारा दिसत असताना हे पाच मिनिटांचे काम आहे.